बंदीत पोरं निघाली म्हादईवर



१ जूनपासून बंदी. होड्या वर ओढल्या, जाळी दुरुस्तीला काढली. ३१ जुलैपर्यंत पोरांचे हात मोकळे. आमच्यातल्या आठ जणांनी बेत केला, "आपलीच होडी टेम्पोत घालू, वाळपईच्या वर म्हादईत सोडू. दर्यात वाढलोय, नदीचं काय ते?"

इथंच आम्ही त्यांना थांबवलं आणि सोसायटीत बसवलं.

म्हादई म्हणजे आपलीच मांडवी. पणजीला संथ दिसते, पण सत्तरीच्या रानात ती खडकांतून धावते. दर्याची लाट आपटते आणि सोडते. नदी सोडत नाही. होडी खडकाला टेकली की पाणी मागून रेटतच राहतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. आडव्या पडलेल्या झाडातून पाणी पार होतं, माणूस फांद्यांत अडकतो. बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरतं, जॅकेटवाल्यालाही धरून ठेवतं. आणि इथं ऊन असलं तरी वर खानापूरच्या बाजूला पाऊस कोसळला की नदी चढते. भरती-ओहोटीसारखी तिची वेळ ठरलेली नसते.

मग बेत असा बदलला:

• स्वतःची होडी नाही. उस्ते ते सोनाळ सुमारे १० कि.मी. पावसाळी राफ्टिंग चालतं. तिथल्या जाणत्या गाईडबरोबर, रबरी राफ्टमधूनच जायचं. तो "आज नको" म्हणाला तर मुकाट परत.
• जॅकेटचे पट्टे आवळून, डोक्यावर हेल्मेट. आदल्या रात्रीपासून दारू बंद.
• पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, बोटं वर. वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाय खडकात अडकला की पाणी डोकं खाली दाबतं.
• फेकलेला दोर हातात धरा, कमरेला कधीच बांधू नका.
• निघायची आणि परतायची वेळ घरी सांगा. रानात फोन लागेलच असं नाही.

एक पोरगा म्हणाला, "दर्यात जॅकेट घालत नाही, नदीत कशाला?"

मंडळी, हा प्रश्न आपल्यालाच आहे. किती होड्यांत जॅकेटं जाळ्यांखाली दबलेली असतात? पोरांनी नदीवरून ही एक सवय जरी घरी आणली, तरी फेरी वसूल झाली. १ ऑगस्टला होडी ढकलताना आठही जण हवेत, आणि आठांच्या अंगावर जॅकेट.