पेशी मरायला विसरली तर?

आईच्या पोटात बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा चपटा असतो. मग बोटांच्या मधल्या पेशी मरतात आणि पाची बोटे सुटी होतात. या पेशी जखमेने किंवा रोगाने मरत नाहीत. ठरलेल्या वेळी आपणहून संपतात. या क्रियेला १९७२ साली ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव मिळाले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे पानगळ.

पण ‘आता संपून जा’ असे पेशीला सांगते कोण? या प्रश्नामागे डॉ. रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी अनेक वर्षे घालवली. १९४७ साली शिकागोत जन्मलेल्या हॉर्विट्झ यांची पदवी गणित आणि अर्थशास्त्राची. पुढे ते जीवशास्त्राकडे वळले आणि १९७४ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजला सिडनी ब्रेनर व जॉन सल्स्टन यांच्याकडे गेले. तेथे एका सूत्रकृमीचा अभ्यास चालला होता. पिकांच्या मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. हा त्याचा निरुपद्रवी भाऊबंद. लांबी जेमतेम एक मिलिमीटर आणि शरीर पारदर्शक, त्यामुळे त्याच्या पेशी मोजता येतात. प्रजननाच्या पेशी सोडल्या तर त्याच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि नेमक्या १३१ मरतात. दर खेपेस त्याच!

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आल्यावर १९८६ मध्ये हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले, की दोन जनुके बिघडली तर मरणाऱ्या पेशी जगतात. पेशीला मरणापासून वाचवणारे तिसरे जनुकही पुढे सापडले. त्यांच्यासारखीच जनुके माणसातही निघाली. २००२ मध्ये या तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वाचक म्हणतील, किड्याच्या पेशी मोजून आपल्याला काय मिळाले? काही रक्ताच्या कर्करोगांत पेशीला वाचवणारे बीसीएल-२ हे जनुक गरजेपेक्षा जास्त काम करते. पेशी मरायचेच नाकारतात आणि साठत जातात. बीसीएल-२ ला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत मंजूर झाले.

याची दुसरी बाजूही आहे. हॉर्विट्झ यांचे वडील एएलएस या आजाराने गेले. त्यात स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी अकाली मरतात. १९९३ मध्ये या आजाराच्या आनुवंशिक प्रकारातील एक सदोष जनुक शोधणाऱ्या चमूत हॉर्विट्झही होते. मात्र हा आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून हाती आलेले नाही.

आपण यातून काय घ्यावे? पेशीत बिघाड झाला, तर तिने स्वतःला संपवावे ही शरीराची सोय आहे. तंबाखू पेशीतील जनुकांना इजा करते, त्यात ही सोयही बिघडू शकते. तोंडातील व्रण किंवा अंगावरची गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा.