‘टेन्शन घेऊ नका’ : मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण आणि कर्मचाऱ्यांचे अभिप्राय

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील शांती नगर ही मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस वसलेली नोकरदारांची मोठी वसाहत आहे. चर्चगेट तेथून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. वसाहतीतील पुष्कळ रहिवासी कामासाठी रोज मुंबईच्या दिशेने जातात. अशा नोकरदारांच्या वाट्यास अलीकडे एक नवा उपक्रम आला आहे, तो म्हणजे मानसिक आरोग्याविषयी जाणीव-जागृतीचे प्रशिक्षण. त्याचे स्वरूप बहुधा ठरावीक असते. कचेरीच्या सभागृहात दीड-दोन तासांचे व्याख्यान होते, चित्रे दाखविली जातात, श्वसनाचे काही प्रकार करून घेतले जातात आणि अखेरीस एक प्रश्नावली हाती येते. ‘प्रशिक्षण उपयुक्त वाटले काय?’ या प्रश्नापुढे ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच पर्याय असतात. मत मोजण्याची ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. या अभिप्रायांची बेरीज हीच पुढे प्रशिक्षणाच्या यशाची साक्ष ठरते. वस्तुतः अभिप्राय देणे ही प्रथमतः एक भाषिक कृती आहे. प्रश्नातील शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याच्या मनात एक आणि उत्तर देणाऱ्याच्या मनात दुसरा असेल, तर ती बेरीज कशाची, हे सांगणे कठीण होते.

प्रारंभ नावापासूनच करावा लागतो. ‘मेंटल हेल्थ’ या शब्दयोगातील पहिला शब्द मराठी बोलीत पूर्वीच रुळलेला आहे, परंतु तो विशेषण म्हणून नव्हे, तर शिवी म्हणून. ‘तो मेंटल आहे’ याचा अर्थ तो वेडा आहे. त्यामुळे फलकावर ‘मेंटल हेल्थ’ची सूचना लागताच सहकाऱ्यांत थट्टा सुरू होते. तीत आश्चर्य मानण्याचे कारण नाही. ती शब्दाच्या प्रचलित अर्थास धरूनच असते. ठाणे जिल्ह्यात या थट्टेला भूगोलाचीही जोड आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये स्थापन झाले. तेव्हापासून केव्हातरी ‘याला ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रचार मुंबई परिसरात रूढ झाला. पुण्याकडे तेच काम ‘येरवडा’ हे नाव करते. एका गावाच्या नावाने माणसाला समाजाबाहेर काढण्याची सोय जेथे भाषेने करून ठेवली आहे, तेथे कर्मचारी सभागृहात हात वर करून काही विचारील, ही अपेक्षा फार मोठी आहे. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेने मनाच्या आरोग्याविषयी मराठीतून दीर्घकाळ लोकशिक्षण केले, हेही येथे नमूद केले पाहिजे. मराठीत हे बोलता येत नाही, असा याचा अर्थ नव्हे.

‘मेंटल’ टाळून ‘मानसिक’ म्हटले की अडचण सरते, असे मात्र नाही. ‘मानसिक त्रास’ आणि ‘मानसिक छळ’ हे शब्द मराठी वाचकाला पोलिसी तक्रारी व न्यायालयीन वृत्तांत यांतून परिचित आहेत. तेथे त्रास हा ‘होणारा’ नसून कोणीतरी ‘दिलेला’ असतो. मग ‘आपणांस कामाच्या ठिकाणी मानसिक त्रास होतो काय?’ या प्रश्नात तज्ज्ञाला लक्षणे अभिप्रेत असतात. कर्मचारी मात्र ‘साहेबांविरुद्ध तक्रार करावयाची आहे काय?’ असा प्रश्न ऐकतो. तो ‘नाही’ असे लिहून मोकळा होतो. त्याचे उत्तर प्रामाणिक असते. फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचे असते.

सर्वांत उद्बोधक उदाहरण ‘टेन्शन’ या शब्दाचे आहे. मराठीत मनोभाव व्यक्त करताना अनुभव घेणारी व्यक्ती सहसा ‘ला’ प्रत्यय घेऊन येते : मला भीती वाटते, तिला राग आला, त्याला कंटाळा येतो. भाव येतो, वाटतो. माणूस तो करीत नाही. ‘ताण’ या शब्दाची रचनाही अशीच आहे. ताण ‘येतो’ किंवा ‘पडतो’. पडणारी वस्तू वरून पडते, आणि ताण म्हटला की ताणणारेही कोणी असावे लागते. तंबूची दोरी, म्हणजे तणावा, आपणहून ताठ होत नाही. याउलट ‘टेन्शन’ हे ‘घेतले’ जाते. ‘तू फार टेन्शन घेतोस’ या वाक्यात माणूस कर्ता होतो; जे घेतले ते न घेणे त्याच्या हाती होते, असे सूचित होते. ‘टेन्शन येणे’ आणि ‘टेन्शन देणे’ हे प्रयोगही मराठीत आहेत, ‘काळजी करणे’ व ‘मनाला लावून घेणे’ हे जुने प्रयोगही आहेत. तेव्हा भाषेने विचार बांधून टाकला, असा टोकाचा निष्कर्ष काढू नये. परंतु व्याख्याता ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगतो, तेव्हा तो धीर देतो आणि त्याच वाक्यात जबाबदारीही ऐकणाऱ्याच्या पदरी टाकतो, हे खरे. ‘प्रशिक्षण’ हा शब्द त्याला पूरकच ठरतो. कारण ज्याच्यात काही उणे असते, त्यालाच प्रशिक्षण द्यावयाचे असते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तीत व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्याची शिफारस ठाम आहे; कर्मचाऱ्यांच्या जाणीव-प्रशिक्षणाची शिफारस सशर्त आहे, आणि त्यापासून अपेक्षा आहे ती ज्ञान व दृष्टिकोन सुधारण्याची. कामाचा भार व वेळ यांत बदल करणे हा तेथे वेगळा विषय मानला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. तणाव-नियोजन वगैरे व्यक्तिगत उपक्रमांत भाग घेतलेले कर्मचारी न घेतलेल्यांहून सुस्थितीत असल्याचे त्यांना आढळले नाही. सहभागी लोक उपक्रमाला ‘छान’ म्हणाले असतील. त्याने या निष्कर्षाला बाध येत नाही. मराठी शिष्टाचारात पाहुण्या वक्त्याच्या व्याख्यानानंतर ‘छान झाले’ म्हणणे हे मत नसून आभार असतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाला धार आली ती जुलै २०२४ नंतर. पुण्यात एका लेखापरीक्षण संस्थेत नोकरीस लागून काही महिनेच झालेली २६ वर्षांची तरुणी मरण पावली. कामाच्या बोज्याविषयी तिच्या आईने लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये सर्वत्र वाचले गेले. त्या पत्राचा विषय जाणिवेचा अभाव हा नव्हता. कामाचे तास हा होता.

कर्मचाऱ्याच्या मौनाचे आणखी एक कारण आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर आहे. प्रशिक्षणाच्या वर्गात शेजारी बसलेला सहकारी किंवा विभागप्रमुख या व्याख्येत येत नाही. ‘येथे मोकळेपणाने बोला’ असे वक्त्याने सांगितले, तरी ऐकलेले कोण कोठे नेईल, याची हमी तो देऊ शकत नाही. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी-सेवा (क्रमांक १४४१६) या दृष्टीने सोयीची आहे; तेथे बोलणारा कचेरीबाहेरचा असतो आणि संवाद मराठीतही होऊ शकतो.

प्रश्नावली सुधारावयाची झाल्यास प्रथम ‘उपयुक्त वाटले काय’ हा प्रश्न मागे घ्यावा लागेल. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात कामाचा ताण कशामुळे पडला?’ असे विचारता येईल. ‘पडला’ या क्रियापदामुळे उत्तर देणाऱ्याला कारण सांगण्यास जागा मिळते, आणि ते कारण स्वतःच्या स्वभावात शोधण्याची सक्ती होत नाही. प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. नाव, हुद्दा व विभाग यांचे रकाने काढून टाकावेत. लहान कचेरीत विभाग आणि वय एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, हे प्रश्नावली करणाऱ्यांच्या लक्षात क्वचितच येते. भरणाऱ्याच्या ते पहिल्या ओळीतच लक्षात आलेले असते.