विश्लेषण : इंग्लंडमध्ये अनोळखी माणसाच्या शेतातून बिनदिक्कत चालता कसे येते?

लंडन आय, बिग बेन, बकिंगहॅम राजवाडा दोन-तीन दिवसांत पाहून होते. त्यानंतर पीक डिस्ट्रिक्ट किंवा कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यांकडे वळलेला पर्यटक पहिल्याच दिवशी बुचकळ्यात पडतो. गावाच्या टोकाला लाकडी खांबावर पिवळा बाण दिसतो आणि तो थेट कुणाच्या तरी शेतात शिरतो. समोर गहू उभा असतो, पलीकडे मेंढ्या चरत असतात. आत जायचे की नाही? खुशाल जायचे. तिकीट नाही, परवानगी नाही. इंग्लंडच्या ग्रामीण भागातली सर्वात चांगली गोष्ट फुकट आहे, फक्त तिचे नियम माहीत हवेत.

हा हक्क नेमका कशाचा?

जमीन खासगी, पण तिच्यावरून जाणारी वाट सार्वजनिक, असा हा प्रकार आहे. चर्चला, बाजाराला, गिरणीला जाताना लोकांनी शतकानुशतके तुडवलेल्या या वाटा आहेत. एकदा सार्वजनिक ठरलेली वाट कायदेशीर प्रक्रियेशिवाय बंद होत नाही, जमिनीचा मालक कितीही वेळा बदलो. सलग २० वर्षे लोकांनी विनाअडथळा वापरलेल्या वाटेवरही हक्क सांगता येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदणीकृत वाटांची एकूण लांबी सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर आहे. आपल्याकडचा पाणंद रस्ता शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पोहोचण्यासाठी असतो. तिथे मात्र नुसते भटकायला निघालेल्या माणसालाही हा हक्क आहे, आणि तो ब्रिटिश नागरिक असण्याची अट नाही.

हक्क आहे तो जाण्याचा. वाटेत थांबून डबा खाल्ला तर कोणी हटकत नाही, पण वाट सोडून शेतात तंबू ठोकता येत नाही.

बाणांचे रंग काय सांगतात?

पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. निळ्या बाणाच्या वाटेवर घोडा आणि सायकलही चालते. जांभळट बाणाच्या वाटेवर घोडागाडी नेता येते, मोटार नाही. लाल बाण सगळ्यांसाठी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. फोनवर अॅप आहेच, पण दरीत रेंज जाते. त्यामुळे कागदी नकाशाही सोबत ठेवलेला बरा.

शेतकऱ्याने वाट नांगरली तर?

शेताच्या मधून जाणारी पायवाट त्याला नांगरता येते, पण साधारणपणे १४ दिवसांत ती किमान एक मीटर रुंदीची पुन्हा करून द्यावी लागते. बैलांचा नियम तर फारच बारीक आहे. दुभत्या जातीचा, १० महिन्यांपेक्षा मोठा बैल सार्वजनिक वाट असलेल्या शेतात मोकळा सोडता येत नाही. मांसासाठीच्या जातीचा बैल गाईंच्या सोबत असेल तर चालतो! प्रत्यक्षात जास्त जपायचे ते वासरू सोबत असलेल्या गाईला, विशेषतः बरोबर कुत्रा असेल तर. गाय अंगावर आलीच तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्यावा, असा तिथला अधिकृत सल्ला आहे. शेतातले फाटक मात्र जसे सापडले तसेच ठेवायचे. उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद.

या हक्कासाठी लोक तुरुंगात का गेले?

वाटा होत्या, पण डोंगरमाथे बंद होते. पीक डिस्ट्रिक्टमधला किंडर स्काउट हा ६३६ मीटर उंचीचा पठारी डोंगर, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. मँचेस्टर आणि शेफिल्डच्या गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना रविवारी मोकळ्या हवेसाठी तोच जवळचा. पण तो ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला होता आणि रखवालदार लोकांना हुसकावून लावत. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या २० वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने सुमारे ४०० जण हेफिल्ड गावातून जाहीरपणे वर चढले. रखवालदारांशी झटापट झाली. दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हा तेव्हा फौजदारी गुन्हाच नव्हता, त्यामुळे खटला दंगल आणि मारहाणीच्या कलमांखाली चालवला गेला. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला.

या शिक्षांनीच चळवळ मोठी केली. काही आठवड्यांतच जवळच्या विनॅट्स खिंडीत सुमारे १० हजार लोक जमले. पुढे १९४९च्या कायद्याने वाटांची अधिकृत नोंद सुरू झाली, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०००च्या कायद्याने डोंगर, माळ व गायरानांवर वाट सोडूनही फिरण्याची मुभा मिळाली. तीही इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के भूभागावर. ज्या ड्यूक घराण्याच्या रखवालदारांनी लोकांना अडवले होते, त्याच घराण्याच्या ड्यूकने २००२ मध्ये जाहीर माफी मागितली.

मग आता वाद कशाचा?

नोंद न झालेल्या जुन्या वाटांचा. ‘रॅम्बलर्स’ या पदयात्रींच्या संस्थेने २०२० मध्ये हजारो स्वयंसेवकांकडून जुने आणि नवे नकाशे ऑनलाइन ताडून घेतले. तेव्हा सुमारे ७९ हजार किलोमीटरच्या वाटा अधिकृत नकाशातून गळालेल्या आढळल्या. त्यांच्या नोंदीसाठी आधी २०२६, मग २०३१ ही मुदत होती. ती रद्द करणार असल्याचे सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. दुसरीकडे डार्टमूरच्या माळावर रात्री तंबू टाकण्याचा हक्क जमीनमालकांनी न्यायालयात आव्हान देऊन २०२३च्या जानेवारीत काढून घेतला. जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो परत दिला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठे जावे?

ईडेल. मँचेस्टर आणि शेफिल्डच्या मधल्या रेल्वेमार्गावरचे हे छोटे गाव, दोन्हीकडून तासाभराच्या आत. मुले किंवा आई-वडील सोबत असतील तर ५१७ मीटरचा मॅम टॉर पुरे. माथ्यावर दगडी फरसबंदी वाट आहे आणि दोन्ही बाजूंच्या दऱ्या दिसतात. चालायची सवय असेल तर जेकब्स लॅडरच्या पायऱ्यांनी किंडरच्या पठारावर चढावे. वर काळी दलदलीची माती आणि अचानक उतरणारे धुके असते, त्यामुळे पावसाळी जॅकेट आणि घट्ट बूट जूनमध्येही लागतात. ४३१ किलोमीटरची पेनाइन वे ही पदयात्रा याच गावातल्या ओल्ड नॅग्ज हेड पबसमोरून सुरू होते. तेवढी रजा नसेल तर तिचे पहिले पाच किलोमीटर चालून त्याच पबमध्ये जेवायला परत येता येते.