पाटी पाहून प्रीमियम

कराडच्या विद्यानगरातल्या एका विमा प्रतिनिधीचा ऑगस्टमधला दिवस

सकाळी ७
चहा उकळतोय तोच भाच्याचा फोन. इंडियानात वेस्ट लाफायेटला, पर्ड्यू विद्यापीठात शिकतो; तिथं रात्रीचे साडेनऊ. जुनी गाडी घेतलीय आणि विम्याचा आकडा ऐकून पोरगं हबकलंय. कंपनीनं वय विचारलं, लायसन्स किती जुनं ते विचारलं, गाडी रात्री कुठल्या पत्त्यावर उभी असते तेही विचारलं. मार्क चांगले असतील तर सवलत! "मावशी, तुमच्याकडं पण असंच?" नाही रे बाबा. आमच्याकडं कंपनी गाडी बघते, चालवणाऱ्याचं वय नाही.

सकाळी ९.३०
प्रवेशाचे दिवस. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलाचं नाव घालून पाटणकडचे एक शेतकरी थेट माझ्याकडं आले. बाराशे सीसीची गाडी मुलाच्या नावावर करायचीय. "ताई, पोरगं अठराचं हाय. प्रीमियम वाढंल का ओ?"
वयानं वाढत नाही. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवतं. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला २०२२ च्या जूनपासून ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. कराडला तेवढाच, मुंबईलाही तेवढाच. मुलाकडं पक्कं लायसन्स आहे ना, एवढं मी बघून घेते. धाकटा सतरा वर्षांचा आहे, हे बोलता बोलता कळलं. त्याच्या हातात चावी गेली तर २५ हजार दंड आणि पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, असं सांगितल्यावर काकांनी चावी पिशवीतून काढून खिशात घातली.

सकाळी ११
पुण्याहून बदलून आलेले प्राध्यापक. गाडी एमएच १२. "मी तर आता कराडात चालवतो, मग दर पुण्याचा का?"
"सर, नोंदणी पुण्याची आहे ना!" गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा झोनवर चालतो. मुंबई, पुणे, दिल्लीसह आठ मोठी शहरं ए झोनमध्ये. आपलं एमएच ५० बी झोनमध्ये. जुन्या दरपत्रकात नव्या, हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला ए झोनचा दर ३.२८३ टक्के, बी झोनचा ३.१९१. सहा लाखांच्या आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीवर, फरक साडेपाचशे रुपयांचा. २००७ पासून कंपन्या आपापली सूट देतात, झोन मात्र राहिले. इथल्या कितीतरी मुली एमएच ५० गाडी घेऊन पुण्याला शिकतात. पुण्याच्या गर्दीत ठोकर खाणारी ती गाडी कागदावर कराडचीच.

दुपारी १
हायवेलगतचं गॅरेज. गावाचा खरा भाव इथं कळतो. दरपत्रकात ना कृष्णा आहे ना कोयना. क्लेममध्ये दोन्ही आहेत. कोयनेतून विसर्ग वाढला की नदीकाठच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरतं; २०१९ आणि २०२१ कुणी विसरलेलं नाही. आजची गाडी रात्रभर पाण्यात होती आणि मालकानं सकाळी उठून स्टार्टर मारला. पाणी सिलिंडरमध्ये गेलं, कनेक्टिंग रॉड वाकला. सर्व्हेअर म्हणतो, पुराचं नुकसान मान्य. इंजिनाचं नाही, ते चालू केल्यामुळं झालं. त्यासाठीचं इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच घेतलेलं नव्हतं आणि ते मधेच घेता येत नाही, पॉलिसी काढताना किंवा नूतनीकरणालाच. म्हणून उन्हाळ्यात नूतनीकरणाला येणाऱ्या नदीकाठच्या प्रत्येक ग्राहकाला मी ते घ्यायला लावते. आणि बजावते: पाण्यातली गाडी सुरू करू नका, टो करा.
थंडीत इथंच वेगळे क्लेम येतात. कारखाने सुरू झाले की रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात.

दुपारी ४
हॉस्टेलवरची तीन मुलं. "ताई, कासला फुलं बघायला जायचंय. मित्र गाडी देतोय, किलोमीटरवर पैसे."
पाटी पांढरी? पांढरी. मग ते भाडं झालं आणि खासगी गाडीच्या पॉलिसीत भाडं बसत नाही. अपघात झाला तर गाडीचा क्लेम नाकारला जाईल. कुणी जखमी झालं, तर कंपनीनं भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल होऊ शकते. पेट्रोल वाटून घ्या, भाडं देऊ नका. नाहीतर पिवळ्या पाटीची गाडी करा. मुलं हिरमुसली, पण नंबर घेऊन गेली.

संध्याकाळी ६.३०
नूतनीकरणाचे फोन. संपलेली पॉलिसी नव्वद दिवसांत चालू केली तर नो क्लेम बोनस टिकतो, पण मधल्या दिवसांत गाडीला काहीच संरक्षण नसतं. फोटो, तपासणी, पैसे, पावती.

रात्री ९
मेडिकलला शिकणाऱ्या मुलीचा फोन. पार्किंगमध्ये कुणीतरी बंपर फोडला, सहा हजारांचा आहे. "क्लेम करू ना?"
कागद काढला. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कवच, नाही; त्यामुळं प्लास्टिकचे निम्मे गेले. मालकानं स्वतः सोसायचे सक्तीचे हजार वजा. हातात दोन हजार. तिच्या वडिलांचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर आहे. नुकसानीच्या विम्याचे मूळ नऊ हजार होतात, म्हणजे पुढच्या वर्षी साडेचार हजारांची सूट जाणार आणि शून्यापासून पुन्हा चढायला पाच वर्षं. "बंपर खिशातून घाल," म्हटलं, "आणि उद्यापासून गाडी गेटजवळ लावू नकोस."