कॅमेरा बंद करायचा नाही!

ओसाड कारखान्यात झोंबीपटाचं शूटिंग चाललंय आणि त्या युनिटवर खरेखुरे झोंबी तुटून पडतात. कल्पना छान आहे, पण दहा मिनिटांतच आपल्याला शंका येते की दिग्दर्शकाला हे काम झेपत नाहीये. जीव मुठीत धरून बसलेली माणसं अचानक एकमेकांचे छंद विचारू लागतात. मेकअप करणाऱ्या बाई स्वसंरक्षणाचे डाव करून दाखवतात. ध्वनिमुद्रक काहीतरी पुटपुटत उठतो आणि थेट दाराबाहेर निघतो, तेही बाहेर झोंबी फिरत असताना. नायिकेला जमिनीवर आयती कुऱ्हाड सापडते आणि ती स्वतःच्या नशिबाचं कौतुक करते. मधेच कॅमेरा जमिनीवर आडवा होतो आणि बराच वेळ तसाच पडून राहतो. उचलल्यावर पाहावं तर कॅमेरामनला झूमचं वेड लागलेलं! हे सगळं ३७ मिनिटं, एकही कट न घेता. मग श्रेयनामावली येते आणि आपण रिमोट शोधू लागतो.

‘वन कट ऑफ द डेड’ या जपानी चित्रपटाची खरी गंमत त्यापुढे सुरू होते. जपानमध्ये त्याच्या जाहिरातीतच प्रेक्षकांना बजावलं होतं, की शेवटपर्यंत खुर्ची सोडू नका, हा सिनेमा दोनदा सुरू होतो. चित्रपट पाहिला नसेल आणि पाहायचा असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. पुढे रहस्य फुटणार आहे.

पोटाचं दुखणं, थेट प्रक्षेपण

पहिली श्रेयनामावली संपली की कथा एक महिना मागे जाते. हिगुराशी नावाचा दिग्दर्शक काम झटपट आणि स्वस्तात करतो, दर्जा बरा म्हणण्याइतपत असतो, आणि त्याची ख्याती तेवढीच. त्याच्याकडे एक वाहिनी येते. त्यांना झोंबीपट हवाय, तोही थेट प्रक्षेपित होणारा आणि एका टेकमध्ये. कोणीही शहाणा माणूस नाही म्हणेल. हिगुराशी हो म्हणतो.

तिसऱ्या भागात तेच ३७ मिनिटांचं प्रक्षेपण आपण विंगेतून पाहतो आणि एकेका वेडेपणाचा उलगडा होतो. दिग्दर्शक आणि मेकअपवाली यांच्या भूमिका करणारे दोघे अपघातामुळे पोहोचलेलेच नसतात, म्हणून हिगुराशी आणि त्याची बायको ऐन वेळी कॅमेऱ्यासमोर उभे राहतात. एक नट दारू पिऊन आडवा झालेला असतो, त्याला मागून धरून झोंबी म्हणून चालवावं लागतं. कॅमेरामनची पाठ धरते आणि त्याच्या सहायक मुलीला आयती संधी मिळते, झूमचं वेड तिचंच.

आणि तो ध्वनिमुद्रक! त्याच्या पोटाला क्षारांचं जड पाणी सोसत नाही. तसं त्याने आधी लेखी कळवलेलंही असतं. ते कोणी नीट वाचत नाही आणि नेमकी तीच बाटली त्याच्या हाती लागते. थेट प्रक्षेपण सुरू, पोटात कळा, बाहेर पडायची सोय नाही. पहिल्या भागात जो प्रसंग भिकार लेखन वाटला होता, तो एका माणसाच्या आयुष्यातला अत्यंत निकडीचा क्षण असतो. त्याला अडवणारे सहकारीही संवाद विसरलेले नसतात, ते फक्त वेळ मारून नेत असतात.

शेवटच्या उंचावरून घ्यायच्या दृश्यासाठी आणलेली क्रेन मोडते, तेव्हा युनिटमधली माणसं दहीहंडीसारखे थर लावतात. मघाशी ज्यांना हसलो, त्यांच्यासाठी आता आपण श्वास रोखून बसतो. तेच प्रसंग, तेच संवाद, फक्त आपली बसायची जागा बदललेली.

होसोईंचे झाले होसोदा

हा सिनेमा कोणा स्टुडिओचा नाही. टोकियोत एन्बु सेमिनार नावाची सिनेमा-नाटकाचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. तिच्या कार्यशाळेतल्या नवख्या कलाकारांना घेऊन चित्रपट करायचा, असा तिचा उपक्रम. १९८४ साली जन्मलेल्या शिनिचिरो उएदा यांच्याकडे हे काम आलं. त्याआधी त्यांच्या नावावर मुख्यतः लघुपट होते. संपूर्ण बजेट ३० लाख येन, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १७ लाख रुपये.

उएदांनी आधी नटमंडळी निवडली आणि मग त्यांना पाहून पटकथेतल्या भूमिका बेतल्या. भूमिकांची नावंसुद्धा फार लांबून आणली नाहीत. मानाबु होसोई यांच्या पात्राचं नाव मानाबु होसोदा. शिनिचिरो ओसावा यांचं पात्र शिनिचिरो फुरुसावा. निर्मातीची भूमिका करणाऱ्या योशिको ताकेहारा पडद्यावर योशिको सासाहारा. अनोळखी चेहरे ही मजबुरी होती, पण कथेला तेच हवं होतं. पहिल्या भागात एखादा नामवंत नट अडखळला असता, तर यामागे काहीतरी गोम आहे हे प्रेक्षकाने लगेच ओळखलं असतं. इथे कोणी ओळखीचंच नाही, त्यामुळे ते खरोखरच कच्चे नट आहेत, असं आपण बिनधास्त मानून चालतो.

पैसे वाचवायला घरचं सगळं कामाला लागलं. हिगुराशीचं घर म्हणून उएदांचं स्वतःचं घर वापरलं गेलं. त्यांच्या पत्नी मियुकी फुकुदा स्वतः चित्रपट करतात, त्यांनी वेशभूषा सांभाळली. दोघांचं तान्हं बाळही सिनेमात दिसतं.

काचेवरचं रक्त

ओसाड कारखाना म्हणून मिळालं ते इबाराकी प्रांतातल्या मितो शहरातलं बंद पडलेलं जलशुद्धीकरण केंद्र. सगळ्या चित्रपटाचं शूटिंग आठ दिवसांत उरकायचं होतं आणि त्यात ते ३७ मिनिटांचं अखंड दृश्यही बसवायचं होतं. असं दृश्य म्हणजे नाटकाचा प्रयोगच, पण इथे प्रेक्षकाचा डोळा नटांच्या मागे पळत असतो. नट जिने चढला की कॅमेराही चढतो आणि नट धावला की कॅमेराही धावतो. कॅमेऱ्याची पाठ वळली की तेवढ्यात कोणाला तरी झोंबीचा मेकअप चढवायचा, कोणाचा तरी तुटका हात जागेवर नेऊन ठेवायचा. पस्तिसाव्या मिनिटाला कोणी चुकलं, तरी पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरुवात, रक्ताने माखलेल्या कपड्यांसकट. हे दृश्य सहा वेळा घेतलं गेलं.

त्यात एक क्षण असा आहे, की रक्ताची चिळकांडी थेट काचेवर उडते आणि एक हात येऊन ती पुसून जातो. हे पटकथेत नव्हतं. नकली रक्त खरंच लेन्सवर उडालं आणि कॅमेरा हाती असलेल्या माणसाने प्रसंगावधान राखून ते पुसलं. दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात हा टेक बाद झाला असता. इथे तो कथेत चपखल बसला, कारण थेट प्रक्षेपणात कॅमेरामन दुसरं काय करणार? लिहिलेला गोंधळ आणि घडलेला गोंधळ यांचा सांधा कुठे आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

मुळात आधी प्रयोग आणि मग त्याची विंगेतली बाजू, ही रचना उएदांना रंगभूमीवरून सुचली. र्योइची वादा यांच्या ‘पीस’ या नाट्यसंस्थेचं ‘घोस्ट इन द बॉक्स’ हे नाटक त्यांनी पाहिलं होतं. चित्रपट गाजल्यावर श्रेयावरून जाहीर वाद झाला. पुढे समेट होऊन मूळ कल्पनेसाठी दोघांची नावं आली. पडद्यामागच्या माणसांना मान देणाऱ्या सिनेमावर ही पाळी यावी, हा त्यातला कडवट विनोद.

८४ खुर्च्यांचं थिएटर

नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागातल्या केज सिनेमा या ८४ खुर्च्यांच्या थिएटरात चित्रपट सहा दिवस दाखवला गेला. तोंडी प्रसिद्धी तिथूनच सुरू झाली. एप्रिल २०१८ मध्ये इटलीतल्या उदिने इथल्या आशियाई चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांच्या मतांवर त्याने दुसरा क्रमांक मिळवला. २३ जून २०१८ रोजी टोकियोतल्या दोन थिएटरांत तो रीतसर प्रदर्शित झाला. बघून आलेले लोक मित्रांना रहस्य सांगत नव्हते, फक्त ‘जा आणि बघ’ एवढंच म्हणत होते. या चाहत्यांना ‘लागण झालेले’ म्हणायची पद्धतच पडली. थिएटरं दोनावरून तीनशेच्या पुढे गेली, वीस लाखांहून जास्त लोकांनी सिनेमा पाहिला आणि गल्ला ३१२ कोटी येनांवर पोहोचला, म्हणजे खर्चाच्या हजारपटीहून जास्त.

२०१९ मध्ये जपान अकादमीचे पुरस्कार जाहीर झाले आणि एकही कट न घेण्याबद्दल गाजलेल्या या चित्रपटाला पुरस्कार मिळाला तो संकलनाचा! ऐकायला विनोदी वाटलं तरी निवड अचूक होती. तिसऱ्या भागातली विंगेतली दृश्यं तुकड्यातुकड्यांनी घेतलेली आहेत, आणि त्यातला प्रत्येक तुकडा पहिल्या भागातल्या किंकाळीशी, पावलांच्या आवाजाशी, अडखळलेल्या शब्दाशी नेमका जुळवावा लागतो. एखादा सेकंद इकडेतिकडे झाला तर विनोद मेला. ते संकलन उएदांनी स्वतः केलं होतं.

चित्रपटाच्या अगदी शेवटी नावं सरकत असताना उठू नका. तिथे तिसरा पडदा उघडतो. हिगुराशीच्या युनिटचं शूटिंग करणारं खरं युनिट दिसतं, खरा कॅमेरामन कॅमेरा घेऊन धापा टाकत पळताना दिसतो. दीड तास ज्यांना आपण पडद्यामागची माणसं समजत होतो तेही नटच होते, हे तेव्हा पुन्हा एकदा आठवतं.

फ्रान्समध्ये ऑस्करविजेते दिग्दर्शक मिशेल हाझानाव्हिसिउस यांनी या चित्रपटाची नवी आवृत्ती केली. तिचं आधीचं नाव ‘झेड’ या अक्षरावर होतं. युक्रेनवर हल्ला करणाऱ्या रशियन रणगाड्यांवर तेच अक्षर झळकू लागल्यावर ते बदलून ‘कुपे’ करण्यात आलं. इथे दिग्दर्शकाच्या बायकोची भूमिका दिग्दर्शकाच्याच पत्नीने, बेरेनिस बेजो यांनी केली आणि मुलगी सिमोनही पडद्यावर मुलगीच झाली. मे २०२२ मध्ये कान महोत्सवाचं उद्घाटन याच चित्रपटाने झालं. त्यात हट्टी जपानी निर्मातीची भूमिका हवी होती. त्यासाठी नवी नटी शोधायची गरजच पडली नाही. एन्बुच्या कार्यशाळेतून आलेल्या योशिको ताकेहारांनाच बोलावण्यात आलं.