सुरतेची खारी हवा आणि जाम बोल्ट

तापी खानदेशातून वाहत सुरतेला येते. धुळे-जळगावची कितीतरी कुटुंबंही तिच्याच वाटेनं येऊन उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात स्थिरावली. त्यांची गाडी गावी आणि सुरतेत दोन्हीकडे फिरते. पण खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात लोखंडाला जी उसंत मिळते, ती समुद्राजवळच्या या शहरात मिळत नाही. मग कधीतरी सायलेन्सर बदलायची वेळ येते आणि मिस्त्री सांगतो, "बोल्ट जाम आहे, गॅस मारावा लागेल."

दोष मिठाचा. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळतं. पावसाळ्यात सुरतेची हवा ही पातळी सहज ओलांडते. त्यामुळे बोल्टवर बसलेला मिठाचा कण पाऊस नसतानाही ओला राहतो, आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेत असल्यानं गंजण्याला वेग येतो. फोटोसाठी डुमसच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाडी घालणारे तर हे मीठ स्वतःहून खालच्या बाजूला फासून घेतात.

खरी गंमत आट्यांच्या आत आहे. गंजायला प्राणवायू लागतो, मग जिथं हवा पोचत नाही तिथं बोल्ट सुरक्षित राहायला हवा. घडतं उलटंच. केंब्रिजच्या उलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून हे दाखवलं होतं: प्राणवायू थेंबाच्या कडेला भरपूर आणि मधोमध कमी, आणि लोखंड झिजतं ते मधोमध. नट-बोल्टमधल्या फटीतही हाच खेळ चालतो. आतलं लोखंड विरघळतं, मिठातला क्लोराइड तिकडे ओढला जातो, आतलं पाणी आम्लधर्मी होतं आणि झीज आणखी वाढते. बाहेरून जरासा तांबूस दिसणारा बोल्ट आतून पक्का धरलेला असतो तो यामुळे.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. ते पाणी मुख्यतः नदीचं, म्हणजे गोडं. पण फटीफटीत बसलेला गाळ ओल धरून ठेवतो, आणि फटीला तेवढं पुरतं.

गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि आट्यांमध्ये मोकळी जागा असते मिलिमीटरच्या अंशाएवढी. म्हणजे गंज दोन्ही बाजूंना दाबत पाचरीसारखा बसतो. अशा वेळी पान्याच्या दांड्याला पाईप लावून जोर काढणं हा आपल्याकडचा आवडता आणि सर्वांत वाईट उपाय. धड बोल्ट आवळतानाही लावलेल्या टॉर्कपैकी साधारण दहा टक्केच पकड निर्माण करायला वापरला जातो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. जाम बोल्टमध्ये आटे हलतच नाहीत, म्हणून सगळा पीळ बोल्टच्या दांड्यावर येतो आणि डोकं हातात येतं. बाराकोनी पाना असेल तर त्याआधीच कोपरे गोल होतात. इथं सहाकोनीच हवा.

तोडायचा आहे तो गंज, बोल्ट नव्हे. गंज दाब सोसतो, पण ठिसूळ असल्यानं धक्क्यानं तडकतो. डोक्यावर हातोडीचे नेमके ठोके आणि मग आधी किंचित आवळून पाहणं, हे यासाठीच. इम्पॅक्ट गनही एकसारखा जोर न लावता झटके देते. तेल या तडांमधून आत शिरतं, तेही घाई न करता: बारीक फटीत दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. संध्याकाळी तेल मारून सकाळी पाना लावणारा मिस्त्री आळशी नसतो. सगळीकडे दिसणारा डब्ल्यूडी-40 मात्र 1953 मध्ये सॅन दिएगोत तयार झाला तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. जाम सोडवणं हे त्याचं मूळ काम नव्हे.

आता गॅस. 12 मिलिमीटरचा पोलादी नट 300 अंशांनी तापवला तर त्याचं भोक सुमारे 0.04 मिलिमीटरनं मोठं होतं. केसाच्या जाडीहून कमी, पण गंजाचा थर फोडायला पुष्कळ. ज्योत नटावर हवी, बोल्टवर नको. भोकात तुटून अडकलेल्या स्टडच्या बाबतीत उलट: त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारतात. तापलेला स्टड फुगू पाहतो, भोक त्याला फुगू देत नाही, म्हणून तो आतल्या आत चेपला जातो. थंड झाल्यावर तो आधीपेक्षा किंचित बारीक झालेला असतो. म्हणून वेल्डिंगनंतर जरा थांबायचं. आधी मारलेलं तेल मात्र ज्योतीनं पेटतं, आणि जवळ पेट्रोलची किंवा ब्रेकची नळी असेल तर गॅसचा नादच सोडावा. तापवलेल्या बोल्टची मजबुती कमी होते, तो पुन्हा वापरू नये.

अ‍ॅलॉय व्हील पोलादी हबला चिकटतं तेव्हा प्रकरण वेगळं असतं. दोन धातूंमध्ये खारं पाणी आलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. मध्ये पांढरी भुकटी साचते. रबरी हातोडी चालते, पण फक्त जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये.

परत बसवताना सायलेन्सरच्या बोल्टला तांब्याचं ग्रीस लावलं तर पुढची खेप सोपी जाते. चाकाच्या नटांना मात्र कंपनीनं सांगितल्याशिवाय ते लावत नाहीत. घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कमध्ये ताण पुष्कळ वाढतो, आणि स्टड नकळत ओढला जातो. त्यांचे आटे तारेच्या ब्रशनं साफ करून नट कोरडेच बसवायचे, आणि शेवटचा आवळा टॉर्क पान्यानं द्यायचा.