दोन चाती, दोन हात

मुंबईची वस्तुसंग्रहालयं आणि कलादालनं लिहून लिहून गुळगुळीत झाली, आता वर्ध्याला जा, असं संपादकांनी सांगितलं. मी जाताना आत्याला बरोबर घेतलं. ती वर्ध्याजवळच्याच खेड्यात वाढली आणि शाळेत टकळीवर सूत काढायला शिकली. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला ‘मगन संग्रहालय’ म्हटलं तर तो विचारात पडला. ‘मगनवाडी’ म्हटल्यावर लगेच निघाला.

इतिहास थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्याच्यासाठी आपली बाग आणि बंगला दिला. संघाची सूत्रं जे. सी. कुमारप्पांकडे आली, लंडनमध्ये हिशेबतपासनीस होऊन आलेल्या माणसाकडे. बागेला नाव पडलं मगनलाल गांधींचं. दक्षिण आफ्रिकेत लढ्याला नाव सुचवा म्हटल्यावर ‘सदाग्रह’ सुचवणारे ते हेच; गांधीजींनी त्याचं ‘सत्याग्रह’ केलं. पुढे साबरमतीत खादीचं तंत्र बसवण्यात मगनलालांनी स्वतःला झिजवलं आणि १९२८ मध्ये पाटण्यात ते गेले. त्यांच्या नावाचं हे संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ ला उघडलं. गांधीजी स्वतः तोवर शेगावात राहायला गेले होते. त्याचं सेवाग्राम व्हायला अजून वर्षाहून थोडा जास्त काळ होता.

तारखा इथेच सोडतो, कारण मी अडकलो तो चरख्यांपाशी. त्यातही एका चरख्यापाशी.

साधा चरखा कसा चालतो ते आत्यानं हवेत हात फिरवून दाखवलं. उजवा हात चाक फिरवतो, डावा पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीतून, धागा ओढत मागे जातो. हातभर धागा निघाला, पीळ भरला की चाक जरासं उलटं घ्यायचं, चातीच्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळईच्या, टोकाशी बसलेले वेढे सोडवायचे आणि मग सूत चातीवर गुंडाळायचं. पुन्हा ओढ, पुन्हा पीळ. कातणं सलग वाटतं ते बघणाऱ्याला. कातणाऱ्याला ते दर हातभर धाग्यामागे एकदा थांबावं लागणारं काम आहे. वेग वाढत नाही तो या थांबण्यामुळे. आणि उजवा हात? तो बिचारा नुसता चाकाला जुंपलेला.

मगनलालांचे पुतणे प्रभुदास गांधी यांनी नेमका हा उजवा हात सोडवला. चाक पायाकडे दिलं, चाती एकाच्या दोन केल्या, प्रत्येक हाताला एकेक धागा. नाव ठेवलं मगन चरखा. आत्या वाकून पेडल बघत म्हणाली, “अवं, हे त पायानं चालते!” मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “बाबू, दोन्ही हात गुतले. एक धागा तुटला त जोडंन कोन?”

माझ्या मते सगळ्या कताईयंत्रांवरचा हा सगळ्यात नेमका आक्षेप आहे. एक धागा तुटला की दोन्ही थांबतात. दुप्पट सूत मिळायचं तर पेळू निर्दोष हवेत, दोन्ही हात सारखे हवेत, आणि पाय त्यांच्या तालात. येरवड्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये कोपर दुखायला लागल्यावर गांधीजींनी हाच चरखा जवळ केला, पण तो दुप्पट सुतासाठी नव्हे, तर दुखऱ्या हाताला विश्रांती म्हणून. ज्यासाठी यंत्र घडवलं त्याहून वेगळ्याच कामाला ते आलं.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९२९ मध्ये, चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. अटी वाचल्या तर आजच्या इंजिनिअरलाही घाम फुटेल. किंमत दीडशे रुपयांच्या आत. झोपडीत हातानं किंवा पायानं चालावा, बाईला फार न दमता आठ तास चालवता यावा. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचं सोळा हजार फूट सूत निघावं. वीस वर्षं टिकावा, दुरुस्ती वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी, या हिशेबानं दिवसाला सव्वासहा गुंड्या होतात. किर्लोस्करवाडीहून एक यंत्र तयार होऊन आलं, तेही अटींना पुरतं उतरलं नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

ओढ-थांब-गुंडाळ ही अडचण शेवटी तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी सोडवली, पण ती गिरणीकडून उसनवारी करून. अंबर चरख्यात रूळ धागा ताणतात, रिंग पीळ देते आणि सूत थेट बॉबिनवर जातं. थांबणं संपलं. पण रुळांना बोटांसारखी समज नसते. कापूस जाड-बारीक आला तर सूतही तसंच. म्हणून त्यांना एकसारखी, मोजून केलेली वात लागते, आणि ती करायला पुन्हा यंत्रं. खादी आयोगाला त्यासाठी मध्यवर्ती कारखाने उभारावे लागले. कापूस दारात पिकतो आणि कातायचा माल बाहेरून येतो, हे कुमारप्पांना कितपत रुचलं असतं?

वर्ध्यात तर हे जास्तच बोचतं. हा कापसाचाच जिल्हा. ‘हिंगणघाट’ ही जात एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात नावानं ओळखली जाई. आखूड धाग्याचा देशी कापूस घरच्या घरी सरकी काढून, हातानं पिंजून कातला जायचा. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच शेतंच्या शेतं बीटी संकरित वाणांखाली गेली. गिरण्यांना हवा तो लांब धागा. जिनिंगमधून गाठी बाहेर जातात आणि कापड होऊन दुकानात परततात.

आणि संग्रहालयातल्या चरख्यांच्या लाकडाचं दुखणं वेगळंच. वर्ध्याचा मे पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, मग लगेच पावसाळ्याची ओल. लाकूड वाळतं, फुगतं, चाक डुगतं, चाक आणि चाती जोडणारी माळ ढिली पडते. वापरातल्या चरख्याची माळ रोज ताणली जाते, चातीला तेल मिळतं. मांडून ठेवलेल्याला फक्त फडका मिळतो. हे संग्रहालय बघून जाण्यासाठी उभारलं नव्हतं. बघा, शिका आणि घरी जाऊन करा, असा त्याचा बेत होता. गंजलेली तलवार बघूनही लढाई कळते. न फिरणाऱ्या चरख्याचं काय कळणार? चाक, दांडा, दोरी. आत्या सोबत नसती तर मीही पाच मिनिटांत बाहेर पडलो असतो.

परतताना जिनिंगपाशी गाडी थांबली. रस्त्याकडेच्या काटेरी कुंपणाला कापूस अडकला होता. आत्यानं एक बोंडभर काढला, काडीकचरा वेचला आणि मांडीवर दोन बोटांत पीळ द्यायला लागली. वीतभर धागा निघाला, आणखी थोडा, मग तुटला. तिनं टोकं जुळवली, पुन्हा पीळ दिला, पुन्हा तुटला.

“कापूस चांगला हाय,” ती म्हणाली. “हातच बसंना माहा.”